‘माणूसपण’ कोण देते? : आफ्रिकी तत्त्वचिंतन आणि समलैंगिकतेचा वाद

१९९५ साली झिंबाब्वेतील हरारे येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय ग्रंथमेळ्याचा विषय होता ‘मानवी हक्क आणि न्याय’. त्याच मेळ्यातून समलिंगी व्यक्तींच्या संघटनेचे दालन सरकारी दबावामुळे हटवले गेले आणि राष्ट्राध्यक्ष रॉबर्ट मुगाबे यांनी मेळ्याच्या उद्घाटनातच समलिंगींवर कडाडून टीका केली. ‘समलैंगिकता ही आफ्रिकी गोष्ट नव्हे’ हे विधान पुढे त्या खंडातील अनेक संसदांत आणि प्रार्थनामंदिरांत ऐकू येत राहिले. त्याला उत्तर देणारे बहुधा इतिहासाचा आधार घेतात. मला तो आधार अपुरा वाटतो. विधान इतिहासाविषयीचे दिसत असले तरी त्यामागचे बळ तत्त्वज्ञानाचे आहे.

इतिहासाचा भाग आधी थोडक्यात पाहू. इव्हान्स-प्रिचर्ड या मानवशास्त्रज्ञाने अझांदे समाजावरील आपल्या १९७०च्या निबंधात एक प्रथा नोंदवली आहे. युरोपीय सत्ता येण्यापूर्वी राजाच्या पदरचे योद्धे कोवळ्या वयाच्या मुलग्यांना रीतसर ‘बायको’ म्हणून घरात आणत, त्यांच्या आईवडिलांना वधूमूल्य म्हणून भाले देत आणि सासुरवाडीला जावयासारखे राबत. पुढे तो योद्धा स्त्रीशी लग्न करी आणि तो मुलगाही मोठा होऊन योद्धा होई. आज आपण ज्याला दोन प्रौढांचे संमतीचे नाते म्हणतो, त्याच्याशी याची बरोबरी होत नाही. नायजेरियातील न्नोबी या इग्बो गावात एक स्त्री दुसऱ्या स्त्रीला ‘बायको’ करून आणू शके, हे इफी अमाडियुमे यांनी १९८७च्या ‘मेल डॉटर्स, फीमेल हजबंड्स’ या ग्रंथात दाखवले. मात्र या विवाहांकडे समलिंगी प्रेमाचा दाखला म्हणून पाहण्यास त्यांचाच विरोध आहे. त्यांच्या दृष्टीने तो घराणे, संपत्ती आणि प्रतिष्ठा यांचा व्यवहार होता. ग्रंथाचा आधार घेताना हा इशारा सोयीस्करपणे गाळला जातो. ‘पूर्वी काहीच नव्हते’ म्हणणारा आणि ‘पूर्वी सगळे मान्य होते’ म्हणणारा, दोघेही भूतकाळाला आपल्या मापाचा अंगरखा शिवतात.

कायदा मात्र बाहेरून आला, याविषयी शंका नको. त्याच्या प्रवासाशी आपलाही संबंध आहे. १८६०ची भारतीय दंडसंहिता ब्रिटिशांनी पूर्व आफ्रिकेत लागू केली. १९३० मध्ये तिथे नवी संहिता आली, तरी आपल्या कलम ३७७ मधला ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ हा शब्दप्रयोग केनियाच्या कलम १६२ मध्ये टिकून राहिला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये प्रौढांचे संमतीचे संबंध ३७७च्या बाहेर काढले. हा निकाल समोर असूनही केनियाच्या उच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये आपले कलम कायम ठेवले. पुढच्याच महिन्यात बोट्स्वानाच्या उच्च न्यायालयाने मात्र तशीच तरतूद रद्द केली.

आता मुख्य मुद्दा. केनियाचे विचारवंत जॉन म्बिटी यांनी ‘आफ्रिकन रिलिजन्स अँड फिलॉसॉफी’ (१९६९) या ग्रंथात मृत्यूनंतरच्या अस्तित्वाची एक विलक्षण मांडणी केली आहे. मेलेला माणूस लगेच नाहीसा होत नाही. त्याला नावाने ओळखणारे कोणी जिवंत असेपर्यंत तो कुटुंबाचा घटकच असतो. शेवटचा ओळखणाराही गेला की तो निनावी आत्म्यांत मिसळतो. श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह यांची नावे घेऊन पुढच्यांना मोघमपणे स्मरणाऱ्या आपल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागणार नाही. म्हणूनच म्बिटींच्या मांडणीत विवाह आणि अपत्य ही खासगी आवड उरत नाही. ते मृतांचे आणि जिवंतांचे देणे ठरते. जो ते चुकवतो, तो आपल्यामागे आपले नाव घेणारा कोणी ठेवत नाही.

नायजेरियाचे इफेआनी मेंकिती यांनी १९८४च्या निबंधात हाच धागा पुढे नेला. माणूसपण जन्मतः मिळत नाही. ते समाजात वावरून, संस्कारांतून आणि जबाबदाऱ्या पेलून हळूहळू मिळवावे लागते. ते मिळवण्यात अपयशही येऊ शकते. म्हणूनच तान्ह्या मुलाच्या मृत्यूचा शोक साधा असतो आणि वृद्धाच्या मृत्यूचे विधी विस्ताराने होतात, असा दाखला ते देतात. मराठीत आपण ‘माणसात येणे’ आणि ‘माणसातून उठणे’ असे म्हणतो. या दोन वाक्प्रचारांत मेंकितींचा सिद्धांत जवळजवळ पूर्ण सामावतो.

आक्षेपाचे खरे बळ इथे आहे. या चौकटीत समलिंगी व्यक्ती पापी नसते, ती अपूर्ण असते. अझांदे योद्ध्यांची उदाहरणे कितीही दिली तरी या आक्षेपाला उत्तर मिळत नाही, कारण ‘ते घडत होते का’ असा प्रश्न तो विचारतच नाही. व्यक्तिस्वातंत्र्याचे युरोपीय शब्द त्यापुढे ठेवले तर ‘पाहा, हे बाहेरचेच’ असे म्हणायला आयती संधी मिळते. उत्तर आफ्रिकी चिंतनातूनच यायला हवे, आणि ते तिथे आहे.

घानाचे क्वामे ग्येके यांनी मेंकितींना नेमक्या ठिकाणी अडवले. अकान भाषेतही दुष्टाला ‘तो माणूस नव्हे’ म्हणतात. ग्येके विचारतात, म्हणून त्याचे माणूसपण खरोखर काढून घेतले का? नाही. तो निवाडा वागणुकीचा आहे. माणूस असणे त्याला जन्माने लाभले आहे आणि त्याचे मूळ हक्क समाजाने दिलेले नाहीत, त्यामुळे समाजाला ते परतही घेता येत नाहीत. ग्येके समूहाला नाकारत नाहीत. समूह व्यक्तीला घडवतो, पण पूर्णपणे घडवत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. याला माझी एक पुस्ती. अपत्यहीनता हाच दोष असेल तर आजन्म अविवाहित राहणाऱ्या कॅथलिक धर्मगुरूला तोच समाज आदराने ‘फादर’ कसा म्हणतो? देणे फेडण्याचे दुसरे मार्ग तिथे कधीच मान्य झालेले दिसतात.

दुसरे उत्तर बेनिनच्या पोलँ हुंतोंजी यांचे आहे. मला ते अधिक मूलगामी वाटते. टेम्पल्स या बेल्जियन मिशनऱ्याने १९४५ मध्ये ‘बांतू तत्त्वज्ञान’ लिहून एका संपूर्ण लोकसमूहाच्या तोंडी एकच दर्शन घातले. १९७६च्या ग्रंथात हुंतोंजींनी या एकमताच्या कल्पनेवर हल्ला चढवला. आफ्रिकेत सर्वांचे सर्वांशी पटते, हा समज मुळात परक्याच्या नजरेचा आहे. तत्त्वज्ञान म्हणजे नावानिशी केलेला वाद. हुंतोंजींचा विषय लैंगिकता नव्हता. पण ‘आफ्रिकी माणूस असे करत नाही’ हे वाक्य त्यांच्या कसोटीवर लावून पाहावे. परंपरेचा कैवार घेणाऱ्या मुगाबेंच्या भूमिकेचा साचा टेम्पल्सचाच निघतो. ‘खरी आफ्रिका सर्वसमावेशक होती’ या वाक्याचीही त्या कसोटीवर तीच गत होते, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

साहित्यात हा वाद फार काळ तिरकस रूपात आला. वोले सोयिंका यांच्या ‘द इंटरप्रिटर्स’मधील (१९६५) समलिंगी पात्र अमेरिकेतून आलेले आहे. आमा आटा आयडू यांच्या ‘अवर सिस्टर किलजॉय’मध्ये (१९७७) नायिकेकडे ओढली जाणारी स्त्री जर्मन आहे. मोठे लेखकही ती ओढ परक्याच्याच पदरात टाकत होते.

जानेवारी २०१४ मध्ये, नायजेरियात समलिंगी विवाहांविरुद्धच्या कठोर कायद्यावर सही झाल्यानंतर काही दिवसांतच, केनियाचे बिन्यावांगा वाइनाइना यांनी आपल्या आत्मकथनाचे ‘हरवलेले प्रकरण’ प्रसिद्ध केले. २०११ मध्ये आलेल्या मूळ पुस्तकात ते नव्हते. त्यात ते मृत्युशय्येवरील आईला आपण समलिंगी असल्याचे सांगतात. प्रत्यक्षात असे काही घडले नव्हते. आई २००० साली वारली तेव्हा ते दक्षिण आफ्रिकेत होते आणि तिच्यापर्यंत पोहोचू शकले नव्हते. वृत्तपत्रांनी ते लेखन कबुलीजबाब म्हणून वाचले. म्बिटी हाताशी ठेवून वाचले तर तिथे एक मुलगा, जिचे नाव घेणारे अजून जिवंत आहेत अशा आईशी बोलतो आहे. ती गेली आहे, पण घरातून गेलेली नाही.