केमोनंतर पाय बधिर

प्रश्न : स्तनाच्या कर्करोगासाठी पॅक्लिटॅक्सेलची केमो संपून तीन महिने झाले. तळपाय बधिर आहेत, बोटांना मुंग्या येतात. विळीवर मासे कापायची भीती वाटते. हे जाईल का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ताई, हे औषध सर्वांत लांब मज्जातंतूंना आधी दुखावतं, म्हणून पावलं आणि बोटं. बहुतेकांना काही महिन्यांत उतार पडतो. काहींचा थोडा बधिरपणा राहतो. आग किंवा वेदना असेल तर ड्युलॉक्सेटिनबद्दल डॉक्टरांना विचारा. बी-६ च्या गोळ्या मनाने घेऊ नका, जास्त झालं तर तेच मज्जातंतू बिघडवतं. साखर, बी-१२ तपासा. जांभ्याच्या पायऱ्यांवर अनवाणी नको. आंघोळीचं पाणी कोपराने पाहा, रात्री तळपाय न्याहाळा. मासे तूर्त कोळणीकडूनच कापून आणा, त्यात कमीपणा कसला! पायांतली शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.