मुखदुर्गंधी आणि पोट

तोंडाला दुर्गंधी येऊ लागली की “पोट साफ नाही” असे म्हणण्याचा आपल्याकडे परिपाठ आहे. मग रेचके घेतली जातात, लंघने होतात. दुर्गंधी मात्र तशीच राहते आणि तो मनुष्य भजनात, पंगतीत शेजाऱ्याशी बोलणेही टाळू लागतो. म्हणून या समजुतीत तथ्य किती, याचा आम्ही येथे विचार करीत आहोत.

घास गिळण्याची वा ढेकर येण्याची वेळ सोडल्यास अन्ननलिकेची द्वारे मिटलेली असतात. त्यामुळे जठरातील वायू श्वासाबरोबर सतत वर येत नाही. बहुसंख्य रोग्यांत दुर्गंधीचा उगम तोंडातच असतो. जिभेच्या मागील भागावरील किटण, दातांच्या फटींतील अन्नकण व सुजलेल्या हिरड्या यांत सूक्ष्म जंतू वाढतात आणि प्रथिनांचे विघटन करून गंधकयुक्त वायू निर्माण करतात. चरकसंहितेत जीभ खरवडण्याचा नित्यविधी सांगितला आहे, तो जिभेच्या मुळाशी साचणारा हा मळ काढण्यासाठीच.

तथापि पोटाचा संबंध मुळीच नाही, असे नव्हे. जठरातील आम्ल वारंवार घशाशी येत असेल, तर श्वासाला आंबूस वास येऊ शकतो. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी १९८२ साली जठरात वाढणारा एक जंतू शोधून काढला. त्याबद्दल त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जठरव्रणास कारण होणाऱ्या या जंतूचा काही रोग्यांच्या मुखदुर्गंधीशीही संबंध असावा, असे काही संशोधकांना वाटते. पण त्यावर अद्याप एकमत नाही. लसणातील काही द्रव्ये मात्र पचनानंतर रक्तात मिसळून फुप्फुसांवाटे बाहेर पडतात. म्हणून चूळ भरूनही तो वास जात नाही.

लंघनाचा परिणाम तर उलटच होतो. उपवासात लाळ कमी सुटते, तोंड कोरडे पडते आणि शरीरातील चरबी जळू लागल्याने श्वासाला निराळाच दर्प येतो. व्रत म्हणून उपवास अवश्य करावा. मुखदुर्गंधीचे औषध म्हणून करू नये.

तेव्हा प्रथम दोन वेळा दात व जीभ स्वच्छ करावी, पाणी पुरेसे प्यावे, हिरड्या दंतवैद्यास दाखवाव्या. तरीही दुर्गंधी टिकली, अथवा छातीत जळजळ व आंबट ढेकरा असतील, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गिळण्यास त्रास, अकारण वजन घटणे किंवा रक्ताची उलटी, यांपैकी काही असल्यास मुळीच विलंब करू नये.

स्वतःच्या तोंडाचा वास स्वतःस सहसा कळत नाही. म्हणून घरच्या माणसाने चारचौघांत नव्हे, तर एकांतात, प्रेमाने ते सांगावे. हिरड्यांचा रोग वेळीच ध्यानात आला, तर दातही वाचतात.