नवे यंत्र रुळताना

पुणे-नाशिक मार्गावरील चाकण हे गाव संग्रामदुर्ग किल्ल्यासाठी व कांद्याच्या बाजारासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. १९९९ साली तेथे बजाज कंपनीचा मोटारसायकलींचा कारखाना उभा राहिला. दसऱ्याच्या सुमारास या परिसरात झेंडूच्या माळा घातलेल्या कितीतरी नव्या गाड्या दिसतात. चाकाखाली लिंबू चिरडले, की मालक गाडीचा वेग पाहण्यास उतावीळ होतो. परंतु कारखान्यातून आलेल्या यंत्राच्या घडणीचे शेवटचे काम त्याच्याच हातून व्हावयाचे असते.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या मिनिटाला हजारो वेळा खालीवर होतो. दट्ट्याभोवती धातूच्या कड्या असतात. सिलिंडरची आतील भिंत हातास गुळगुळीत लागली, तरी तीवर अतिसूक्ष्म चरे मुद्दाम पाडलेले असतात. या चऱ्यांत तेल टिकून राहते. त्यांच्या कडांवर कड्या घासल्या जातात, उंचवटे झिजतात आणि कडी व भिंत परस्परांशी जुळून येतात. हे जुळणे नीट झाले नाही, तर तेल फटीतून वर चढून जळते, निळसर धूर निघू लागतो, आणि ही खोड पुढे सहजी सुटत नाही.

म्हणून आरंभी गाडी बेताने चालवावी. बेताने म्हणजे एकाच संथ गतीने, असे पुष्कळजण समजतात; ते बरोबर नाही. गती कमीअधिक होत राहिली पाहिजे. वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरेल असेही चालवू नये. दोघांनी सामानासह भीमाशंकरची चढण चढण्याचा बेत थोडा पुढे ढकलावा. नवे टायरही काहीसे निसरडे असतात, हे वळणावर ध्यानात असावे.

झिजलेल्या धातूचे कण तेलात उतरतात. पहिल्या सर्व्हिसिंगच्या वेळी ते तेल काढून नवे घालतात आणि गाळणी साफ करतात किंवा बदलतात. बजाजच्या अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत ही वेळ ५०० ते ७५० किलोमीटर किंवा ३० ते ४५ दिवस, यांपैकी जे आधी येईल ते, अशी दिलेली असते. तेल काळे दिसत नाही, मग कशास बदलावे, असे म्हणणारे भेटतात. पण बरेचसे कण डोळ्यांना दिसतच नाहीत! याच वेळी साखळीचा ढिलेपणा, क्लचच्या तारेचा ताण, ब्रेक व सैल झालेले नटबोल्ट पाहिले जातात. ही तपासणी मोफत असली, तरी तेलाचे पैसे बहुधा द्यावे लागतात. तेवढ्यासाठी ती टाळणाऱ्याचा हमीवरील हक्क धोक्यात येतो. गाडी परत घेताना पुस्तिकेतील शिक्का व किलोमीटरची नोंद पाहून घ्यावी.