दूध न आलेले चार दिवस

माझा मुलगा पंधरा महिन्यांचा असताना मी त्याचे दोन्ही हात माझ्या मांडीखाली दाबून त्याला भरवत असे. नाक चिमटीत धरलं की मूल तोंड उघडतं, तेवढ्यात घास आत. हे लिहिताना आजही हात थांबतो, पण हे न सांगता पुढचं सांगितलं तर ते खोटं होईल.

आम्ही रेवदंड्याजवळ राहतो. घरात सासूबाई, शेजारी दोन चुलत जावा, म्हणजे सल्ल्याला तोटा नव्हता. बाळ तान्हं असल्यापासून गुळण्या टाकायचं. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की तान्ह्या मुलांच्या जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैल असते, त्यामुळे प्यालेलं वर येतं. चौथ्या महिन्याच्या सुमारास हे सर्वांत जास्त असतं आणि बहुतेक मुलांचं वर्ष-दीड वर्षात आपोआप थांबतं. ते खरंच आहे. चूक माझी झाली. ‘आपोआप थांबेल’ एवढंच मी धरून बसले आणि मुलाकडे बघायचं सोडून दिलं. तो घास पाहूनच मान फिरवायचा, जेवताना पाठीची कमान करून रडायचा, रात्री चार-चार वेळा दचकून उठायचा, पहाटे कोरडा खोकायचा. शी शेंबडासारखी चिकट व्हायची. ही सगळी लक्षणं माझ्यासमोर होती आणि मी त्यांना एकच नाव दिलं होतं, हट्ट.

अंगणवाडीतल्या कार्डावर त्याचं वजन 8 किलो 200 ग्रॅम भरलं, रेघेच्या खाली. मग तर घरात जेवण म्हणजे लढाई झाली. जेवला नाही म्हणून दूध, रडला म्हणून दूध, रात्री उठला म्हणून पुन्हा दुधाची बाटली. “पोट भरलं की निजंल,” सासूबाई म्हणायच्या, आणि मलाही ते पटायचं.

त्या जुलैत पावसानं रस्ता बंद झाला आणि चार दिवस दूधवाला आला नाही. घरातलं दूध पहिल्याच दिवशी संपलं. बाळाला भाताची पेज, उकडलेला भोपळा, वरणाची निवळ एवढंच मिळालं. तिसऱ्या रात्री मी मध्येच जागी झाले ती घाबरून, कारण तो रडत नव्हता. शांत झोपला होता. पाचव्या दिवशी दूध आलं, आम्ही आनंदानं त्याला वाटी भरून दिलं, आणि दोन दिवसांत सगळं पूर्ववत. महिनाअखेर दुधाचा हिशोब करताना कॅलेंडरवरच्या त्या चार कोऱ्या चौकटी दिसल्या तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा काही जुळलं.

अलिबागला बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी औषध लिहिण्याआधी कागद पुढे केला आणि म्हणाले, “आई, काल दिवसभरात याच्या पोटात काय काय गेलं ते लिहा.” मी लिहीत गेले. सकाळी दुधात शिजवलेलं नाचणीचं सत्त्व. मग दुधात बुडवलेलं बिस्किट. दुपारी ताकातली आंबील, भातावर सायीचं दही. संध्याकाळी शेवयांची खीर. रात्री बाटली. पौष्टिक म्हणून मी जे जे वाढलं होतं त्या प्रत्येकात दूध होतं. आंबिलीतलं ताक तर मी दुधात मोजलंच नव्हतं.

डॉक्टरांनी मग समजावलं की काही मुलांच्या शरीराला दुधातली प्रथिनं मानवत नाहीत. साखर न पचणं वेगळं, हे वेगळं. म्हणून साखर काढून टाकलेलं, लॅक्टोज नसलेलं दूध इथे कामाला येत नाही. प्रथिनं त्यात तशीच असतात. शेळीचं दूध हलकं म्हणून आमच्या शेजारच्या काकींनी मुद्दाम आणून दिलं होतं, मायेनंच दिलं होतं, पण गाय, म्हैस, शेळी या तिघींच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी असतात की एकीचं न मानवणाऱ्या बहुतेक मुलांना दुसरीचंही मानवत नाही. ज्यांचं बाळ अजून अंगावर पितं त्यांनी घाबरून अंगावरचं दूध मात्र तोडू नये. गरज वाटली तर डॉक्टर आईलाच काही काळ दुधाचे पदार्थ बंद करायला सांगतात.

उशिरा दिसणाऱ्या अशा त्रासाला रक्ताची खात्रीची चाचणी नाही. खात्री करायची रीत एकच. संशय असलेला पदार्थ दोन ते चार आठवडे पूर्ण बंद करायचा, फरक पाहायचा आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्यानं पुन्हा देऊन पाहायचा. पुन्हा त्रास झाला तरच तो पदार्थ दोषी. आमच्या चार कोऱ्या चौकटी हा पुरावा नव्हता, नुसता इशारा होता. पण ज्या मुलाला काही खाल्ल्यावर लगेच अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात किंवा दम लागतो, त्याच्यावर घरी असा प्रयोग कधीही करू नये. तिथे थेट रुग्णालय, आणि वाहन नसेल तर 108.

इथपर्यंत बरं चाललं होतं. मग मी दुसरी चूक केली, आणि ती मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. डॉक्टरांच्या रीतीनं दूध बंद केल्यावर बाळाला आराम पडला, तसा मला बंद करण्याचाच नाद लागला. एकदा अंडं दिलं त्या रात्री तो रडला, अंडं बंद. कुणी म्हणालं गव्हानं होतं, पोळी बंद. मासे उष्ण म्हणून बंद, डाळ वातूळ म्हणून बंद. कुणीतरी दीडशे पदार्थांची यादी देणारी रक्ताची तपासणी सुचवली, तीही केली. अशा तपासण्यांतून पदार्थ न मानवणं सिद्ध होत नाही हे नंतर कळलं. दोन महिन्यांत मूल पेज, केळं आणि बटाटा यांवर आलं. त्याचे डोळे पांढरे पडले, हिमोग्लोबिन उतरलं.

शेवटी वडखळमार्गे एसटीनं मुंबईला निघालो. कार्लेखिंडीच्या वळणांवर तो दोनदा ओकला. मुंबईच्या आहारतज्ज्ञ बाईंनी माझी यादी वाचली आणि प्रत्येक नावापुढे विचारलं, “हे बंद केल्यावर काय बदललं? पुन्हा देऊन पाहिलंत?” दूध सोडून एकाही नावापुढे माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री रडण्याला दात, सर्दी, उकाडा, काहीही कारण असू शकतं. एकेक पदार्थ तीन-चार दिवसांच्या अंतरानं परत आणला. अंडं मानवलं, गहू मानवला, डाळही. दुधाऐवजी देऊन पाहिलेला सोया मात्र खरंच मानवला नाही. दूध न मानवणाऱ्या काही मुलांचं तसं होतं.

दुधाच्या जागी काय, हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर वाटतो तेवढा कठीण नाही. आपलं रोजचं जेवण मुळात दुधावर उभं नाही. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला 500 मिलीग्राम कॅल्शियम लागतं. 100 ग्रॅम नाचणीत ते साधारण 350 असतं, पण बाळाच्या वाटीत जेमतेम 20-25 ग्रॅम नाचणी जाते, त्यामुळे नुसत्या नाचणीवर भागत नाही. आम्हाला डॉक्टरांनी कॅल्शियमचं आणि लोहाचं औषध जोडून दिलं. नारळाचं दूध चवीला आणि स्निग्धतेला उत्तम, पण त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम कमी, म्हणून ते दुधाची बदली नाही. प्रथिनांसाठी आम्ही मासळीकडे परतलो. बाळंतिणीला आणि आजाऱ्याला आपण मुडदुशे देतोच. तेच वाफवून, काटा बोटांनी दोनदा चाचपून, मऊ भातात कालवून दिले. तांदळाचं घावन, मुगाचं वरण, दुधी, भोपळा. आंबट सोलकढी आणि टोमॅटोचं सार आमच्या बाळाला जळजळ करायचं, ते काही महिने लांब ठेवलं.

बाहेरच्या वस्तूंचं वेष्टण वाचायला मी तेव्हा शिकले. दूध, सोया, गहू, अंडं, मासे, शेंगदाणे असे पदार्थ असतील तर ते वेष्टणावर वेगळे सांगणं आपल्याकडे बंधनकारक आहे. व्हे, केसिन ही दुधाचीच नावं. पण घरच्या प्रसादावर वेष्टण नसतं. गणपतीत पाच घरी पंचामृत, पेढा, शिरा हातावर पडतो, आणि नाही म्हणताना जीव संकोचतो. मी पाचही घरी आधी जाऊन सांगून आले. कुणीही वाईट वाटून घेतलं नाही.

राहिला प्रश्न तोंड उघडण्याचा. दूध थांबलं तरी त्याची भीती थांबली नव्हती. वाटी दिसली की तो हात मागे लपवायचा. ती भीती मी घातली होती, म्हणून काढायलाही मलाच लागणार होती. काय, केव्हा आणि कुठे वाढायचं ते मी ठरवायचं, किती खायचं ते त्यानं, असं बाईंनी सांगितलं. पाटावर सगळ्यांबरोबर ताठ बसवायचं, थोडंच वाढायचं, मोबाइल नाही, पाठलाग नाही, वीस-पंचवीस मिनिटांत ताट उचलायचं. झोपण्याच्या आधी दोन तास काही नाही. नवा पदार्थ मुलानं घ्यायला दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो; मी दुसऱ्याच वेळी हार मानत होते. पहिले नऊ दिवस तो जवळजवळ काहीच जेवला नाही आणि मी माजघरात जाऊन रडले. दहाव्या दिवशी त्यानं आजीच्या ताटातला घावनाचा तुकडा स्वतःच्या हातानं उचलला.

आज तो साडेतीन वर्षांचा आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आधी भाजलेल्या बिस्किटातलं दूध, मग दही असं चढत गेलो, आणि आता अर्धी वाटी दूध त्याला मानवतं.

उलटी हिरवी किंवा रक्ताची असेल, शीतून रक्त जात असेल, लघवी कमी झाली असेल, वजन उतरत असेल किंवा दीड वर्षानंतरही ओकणं चालू असेल, तर माझ्यासारखी वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि यातलं काही नसेल, नुसतं मूल घास थुंकत असेल, तर आज त्याला दुसरा घास भरवू नका. एक वही घ्या, तारीख घाला, आणि त्याच्या पोटात काय गेलं ते लिहायला लागा.