फुलशेतीचा मार्ग: वणी परिसरातील पालकांस

बारावीचा निकाल हाती पडताच चिरंजीवास शेतीत घालणे म्हणजे त्याच्या भवितव्यावर पाणी सोडणे होय, असा समज वणीच्या सुशिक्षित घरांतूनही दृढ झालेला आढळतो. परंतु ज्या जिल्ह्याच्या मुख्य शहराचे नाव मोगल अमदानीत गुलशनाबाद होते, आणि ज्या गावावरून नवरात्रात सप्तशृंगीच्या भक्तांची अखंड रीघ लागते, तेथे फुलांच्या व्यवसायाचा उपजीविकेचे साधन म्हणून गंभीरपणे विचार होऊ नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हा व्यवसाय मुख्यतः कालगणनेचा आहे. झेंडूची लागण केल्यापासून सुमारे दोन महिन्यांनी फूल तोडणीस येते. म्हणून दसऱ्याची तारीख आषाढातच पंचांगात पाहून रोपे टाकावी लागतात, आणि हा अंदाज चुकला तर दशमीस हातोहात खपला असता तोच माल एकादशीस आडत्याच्या ओट्यावर पडून राहतो. याच दिंडोरी तालुक्यात, जानोरी-मोहाडीच्या बाजूस, पॉलिहाऊसमध्ये गुलाब पिकतो. तेथे कळी कितपत उमलली असता कापावी, दांड्याच्या लांबीवरून प्रतवारी कशी लावावी, वीस-वीस फुलांच्या जुड्या शीतगृहात किती त्वरेने न्याव्यात, यांवर भाव ठरतो, आणि हे ज्ञान परिश्रमपूर्वक संपादन करावे लागते.

त्यासाठी दहावीनंतर कृषी पदविका आहे. बारावी विज्ञान शाखेनंतर प्रवेशपरीक्षा देऊन राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कक्षेत उद्यानविद्येची चार वर्षांची पदवी घेता येते. घरची शेती सांभाळून शिकणाऱ्यास नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ जवळ आहे. रोपवाटिका, निर्यातगृहे, बियाण्यांच्या कंपन्या येथे नोकऱ्याही मिळतात.

मात्र पदवी हाती येताच जमीन तारण ठेवून पॉलिहाऊस उभारण्याची घाई मला सर्वथा अमान्य आहे. २०२० च्या टाळेबंदीत देवळे बंद आणि लग्ने खोळंबलेली असता कित्येकांना फुललेले पीक शेतातच नांगरून टाकावे लागले. अशा वेळी बँकेच्या हप्त्याची तजवीज कोठून करायची, हे कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वीच ठरलेले असले पाहिजे.

तेव्हा पालकहो, आपला मुलगा वा मुलगी अकरावीत असतानाच त्यांस दहा गुंठ्यांत एक हंगाम झेंडू करू द्या. मजुरी, गाडीभाडे, हमाली यांचा जमाखर्च त्यांच्याच हस्ताक्षरात असू द्या, आणि बाजारातून आलेली पट्टी दोघांनी मिळून वाचल्यावरच पुढील शिक्षणाचा निर्णय करा.