बालकांतील तीव्र सोरायसिस : बीजदोष, जनुके व औषधयोजना

सुश्रुताचार्यांनी आदिबलप्रवृत्त व्याधींत कुष्ठ व अर्श यांची गणना केली असून त्यांचे मातृज व पितृज असे दोन भेद सांगितले आहेत. सोरायसिसची लक्षणे आपण एककुष्ठ वा किटिभाशी जुळवून पाहतो. त्यामुळे बालरुग्णाच्या घराण्याची चौकशी ओघाने येतेच. तथापि ‘घरात आणखी कोणाला आहे काय?’ एवढा एकच प्रश्न विचारून थांबणे आता पुरेसे नाही.

नेहमीचा सोरायसिस अनेक जनुकांच्या एकत्रित प्रभावाने होतो. सहाव्या गुणसूत्रावरील ‘एचएलए-सी*०६:०२’ हा त्यांतील प्रमुख घटक. लहान वयात सुरू होणारा आणि घशाच्या जंतुसंसर्गानंतर ठिपक्यांच्या रूपाने उठणारा प्रकार याच्याशी निगडित आहे. तान्हेपणी सुरू होऊन गाल, हनुवटी व कानांभोवती पसरणारा आणि उपचारांना न जुमानणारा व्याधी असेल, तर मात्र एकाच जनुकाचा दोष संभवतो. २०१२ साली उजेडात आलेला ‘कार्ड-१४’ जनुकातील दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आला तरी पुरतो.

२०११ मध्ये वर्णिलेला ‘आयएल३६आरएन’ जनुकातील दोष याहून फसवा आहे. दाहाला आवर घालणारे प्रथिन त्यामुळे निकामी होते व ज्वरासह सर्वांगावर पूयुक्त पुटकुळ्या उठतात. हा विकार बहुधा दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आल्यावर प्रकटतो; पालक स्वतः निरोगी असू शकतात. कागल पंचतारांकित एमआयडीसीच्या परिसरात येणारी कामगार कुटुंबे आसपासच्या खेड्यांतील आणि निपाणीकडील असतात. मामाच्या मुलीशी विवाह या भागात नवा नाही. म्हणून वंशवृत्त घेताना पालकांचे परस्परांशी रक्ताचे नाते आवर्जून विचारावे. (हा प्रश्न आजीला विचारल्यास उत्तर अधिक अचूक मिळते.)

चिकित्सेबाबत स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. मर्यादित मंडले असतील तर स्नेहन, पथ्य व बल पाहून तिक्तक घृत यांस वाव आहे. परंतु सर्वांग लाल झालेले, ज्वर असलेले वा पुटकुळ्या उठलेले बालक हा शोधनाचा विषय नव्हे. त्वचेवाटे जलांश व उष्णता वेगाने जात असताना वमन-विरेचन देणे घातक होय. अशा बालकास त्याच दिवशी कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासारख्या ठिकाणी धाडावे. प्रकाशोपचार चालू असल्यास बाकुची देऊ नये, त्वचा भाजते. पारद, हरताळ वा मनःशिलायुक्त कल्प बालकांत टाळावेत.

जैविक औषधांनी चित्र पालटले आहे. अमेरिकेत युस्टेकिनुमॅबला २०२० मध्ये सहा वर्षांवरील बालकांसाठी मान्यता मिळाली. कार्ड-१४ दोषाच्या काही रुग्णांतही त्याचा गुण आल्याच्या नोंदी आहेत. पूयुक्त प्रकारासाठी तेथेच २०२२ मध्ये स्पेसोलिमॅब मान्य झाले व २०२४ मध्ये बारा वर्षांवरील मुलांनाही ते खुले झाले. खर्च मात्र सामान्य कामगाराच्या आवाक्याबाहेर आहे. त्यामुळे मेथोट्रेक्सेटचे महत्त्व अद्याप टिकून आहे.

येथे औषधविक्रेत्यांचा संबंध येतो. सोरायसिसमध्ये मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतले गेल्यास मज्जा खचून प्राणावर बेतते. पाकिटावर वार मराठीत लिहावा, पालकांकडून तो वदवून घ्यावा. तोंडावाटे चालू असलेले स्टेरॉइड ‘आता आयुर्वेदिक सुरू करू’ म्हणून एकाएकी बंद केल्यास पूयुक्त सोरायसिस भडकतो; ते देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच मात्रा उतरवावी. नाव नसलेल्या डबीतील ‘जडीबुटी’ मलम वापरात असल्यास त्यातही स्टेरॉइड आहे असे धरूनच पुढील योजना करावी.