एकाच वाफेची चार कामे



हिवाळ्यात कोल्हापूर-सांगलीकडील एखाद्या गुऱ्हाळावर गेल्यास मोठ्या काहिलीत उसाचा रस उकळत असलेला दिसतो. खाली चुलवणात चिपाडे धडधडत असतात आणि वर शुभ्र वाफेचे लोट आकाशात जात असतात. त्या लोटांबरोबर जळणाचा केवढा मोठा भाग निघून जातो, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

थोडा हिशेब करून पाहू. १ ग्रॅम पाणी शून्य अंशापासून १०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविण्यास १०० कॅलरी उष्णता लागते. त्याच पाण्याची वाफ करण्यास आणखी सुमारे ५४० कॅलरी लागतात. आणि इतकी उष्णता पोटात घेऊनही वाफेचे उष्णतामान १०० अंशच राहते! हीस सुप्त उष्णता म्हणतात. वाफेचे पुन्हा पाणी झाले म्हणजे ती सर्व परत मिळते.

मग एका भांड्याची वाफ दुसऱ्या भांड्याखाली का सोडू नये? अडचण अशी की, उष्णता अधिक तप्त पदार्थाकडून कमी तप्त पदार्थाकडेच जाते. १०० अंशांची वाफ १०० अंशांवर उकळणाऱ्या रसास आणखी उष्णता देऊ शकत नाही.

ही अडचण ज्याने साखरेच्या धंद्यात दूर केली, त्या नॉर्बेर रिलियू याचा जन्म १८०६ साली अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरी झाला. पिता गोरा, माता आफ्रिकी वंशाची, परंतु गुलाम नव्हे. पॅरिस येथे शिकून तो तेथेच अध्यापक झाला व पुढे मायदेशी परतला. त्या काळी तेथील मळ्यांवर गुलाम लोक उकळता रस पळ्यांनी एका उघड्या कढईतून दुसरीत ओतीत. अंगे भाजत, लाकूड अतोनात जळे आणि रस करपे.

रिलियूने भांडी बंद केली व पुढच्या प्रत्येक भांड्यातील दाब पंपाने कमी ठेवला. दाब कमी झाला म्हणजे रस १०० अंशांच्या आतच उकळतो. महाबळेश्वरासारख्या उंच ठिकाणी डाळ शिजण्यास वेळ लागतो, त्याचे कारणही हेच. अशा रीतीने पहिल्याची वाफ दुसऱ्यास, दुसऱ्याची तिसऱ्यास उकळवू लागली. चार भांडी जोडल्यास एका किलो वाफेत जवळजवळ चार किलो पाणी उडविता येते. १८४३ व १८४६ साली त्यास या शोधाचे हक्क मिळाले. यंत्राने जळण वाचले. परंतु ज्या मळ्यांवर ते बसले, तेथील गुलामगिरी मात्र १८६५ सालापर्यंत टिकली. वाफेचे मोल ज्यांस कळले, त्यांस माणसाचे मोल कळण्यास अधिक काळ लागला, ही गोष्ट आपण विसरू नये.

आज महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत हीच रचना आहे. उसाच्या चोथ्यावर बॉयलर पेटतो. त्याची वाफ प्रथम टर्बाइन फिरवून वीज देते व तेथून निघाल्यावर रस आटविते. उरलेली वीज कित्येक कारखाने विकतातही. याउलट, कोळशावर चालणाऱ्या सामान्य वीजकेंद्रात कोळशाच्या उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भागच विजेत उतरतो. बहुतेक बाकीची उष्णता थंड करणाऱ्या पाण्यावाटे व धुराड्यावाटे जाते, कारण ती घेणारे कोणी शेजारी नसते.

हा धडा आपल्या स्वयंपाकघरातही लागू आहे. पाण्यास एकदा उकळी आली की, जाळ वाढविल्याने ते अधिक तापत नाही, केवळ वाफ अधिक उडते. म्हणून उकळी येताच आच मंद करावी व भांड्यावर झाकण ठेवावे. हे मुलांनी आपल्या मातापितरांस समजावून सांगावे.

पाच हजारांस पोटभर जेवू घातल्यावरही आपल्या प्रभूने उरलेले तुकडे वेचावयास सांगितले, आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याच्यापाशी विपुलता होती, त्यानेच उरलेल्याची काळजी घेतली. मग ज्यांचे जळण मोजके आहे, त्या आपण ती किती अधिक घ्यावयास हवी!